तीन ओळींची चिठ्ठी आणि जुना संगणक

२०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातून एक बातमी आली. प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये संगणकावर काढलेली आणि जवळपास तीन दशके कोणाच्याही नजरेस न पडलेली चित्रे सापडली होती. खरे तर ती हरवलेली नव्हतीच. वॉरहॉल संग्रहालयात ती फ्लॉपी डिस्कवर नीट जपून ठेवलेली होती. अडचण एवढीच होती, की त्या फ्लॉपी वाचणार कोण आणि कशाने? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातील मुलांनी हे काम हाती घेतले. आधी फ्लॉपीवरील चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घेतल्या. तरीही काही फाइली उघडेनात, कारण त्यांची रचना आजच्या कोणत्याच प्रोग्रामला ओळखता येत नव्हती. ती रचना उलगडली, तेव्हा कुठे चित्रे दिसली.

वस्तू जपली म्हणजे ती वापरता येईलच असे नाही, हे या घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिले. हाच धडा जगभरातील काही हौशी मंडळी कित्येक वर्षे आपापल्या घरी गिरवत आहेत. वॉरहॉल यांनी ज्यावर चित्रे काढली, त्या ‘अमिगा’ या घरगुती संगणकासाठी ही मंडळी आजही छोट्या आज्ञावली आणि ‘लोडर’ म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारे प्रोग्राम लिहितात आणि एकमेकांना देतात. वरवर पाहता हा जुन्या वस्तूंचा नाद वाटतो. त्यामागचे तंत्र समजून घेतले, तर आपल्या स्वतःच्या जुन्या फाइलींचे काय होणार, याचेही उत्तर त्यात सापडते.

शब्दांनी चालणारी खिडकी

कमोडोर कंपनीने २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमिगा जाहीर केला. त्या समारंभात वॉरहॉल यांनी मंचावरच गायिका डेबी हॅरी यांचे चित्र संगणकावर रंगवून दाखवले होते. चित्र आणि आवाज यांसाठी स्वतंत्र चिप असलेला आणि एकाच वेळी अनेक कामे करू शकणारा हा संगणक त्या काळी बराच पुढे होता. १९८७ मध्ये आलेल्या ‘अमिगा ५००’ने तो युरोपातील घराघरांत पोहोचला. आज साध्या मोबाइललाही काही गिगाबाइट रॅम असते. या संगणकाची रॅम होती ५१२ किलोबाइट.

माऊस आणि चित्रांच्या खिडक्या होत्याच. त्याबरोबर आणखी एक साधी खिडकी होती. तीत आज्ञा टंकायची आणि एंटर दाबायचे. आधी तिला ‘सीएलआय’ म्हणत, पुढे ‘शेल’ हे नाव रूढ झाले. शेल म्हणजे कवच. संगणकाचा गाभा आणि माणूस यांच्यामधला हा थर. अमिगाची ही फाइली सांभाळणारी व्यवस्था ‘ट्रायपॉस’ या केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या प्रणालीवरून घेतली होती. म्हणजे घरात खेळासाठी आणलेल्या यंत्रात एका विद्यापीठाची प्रयोगशाळाच शिरली होती.

रोज त्याच त्या आज्ञा टंकण्यापेक्षा त्या एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि ती फाइल चालवायची, हीच ‘स्क्रिप्ट’. संगणक सुरू झाला की ‘स्टार्टअप-सिक्वेन्स’ नावाची अशी फाइल सर्वांत आधी वाचली जाई. ती साध्या अक्षरांत असल्यामुळे कोणालाही उघडून पाहता येई आणि बदलताही येई. अनेकांचा प्रोग्रामिंगशी पहिला परिचय या फाइलीनेच करून दिला.

स्क्रिप्टची गरज कशी निर्माण झाली, तेही पाहण्यासारखे आहे. बहुतेकांकडे एकच फ्लॉपी ड्राइव्ह असे. बऱ्याचशा आज्ञा संगणकात कायमच्या बसवलेल्या नव्हत्या. त्या मूळ फ्लॉपीवर छोट्या फाइलींच्या रूपात असत. त्यामुळे दुसऱ्या फ्लॉपीवर काय आहे ते पाहायचे, तरी संगणक आधी मूळ फ्लॉपी मागे. ती घाला, काढा, दुसरी घाला, पुन्हा पहिली. यावर तोडगा होता तीन ओळींचा. पहिली ओळ सांगे, रॅममध्ये एक नवा कप्पा तयार कर. दुसरी सांगे, आज्ञांच्या फाइली फ्लॉपीवरून त्या कप्प्यात उतरव. तिसरी सांगे, यापुढे आज्ञा शोधायच्या त्या या कप्प्यात. या तिसऱ्या ओळीसाठी ‘असाइन’ नावाची आज्ञा होती. एका नावाचा पत्ता ती बदलून टाके, आणि बाकीच्या प्रोग्रामना त्याचा पत्ताही लागत नसे.

रॅम इतकी थोडी, की सगळ्याच आज्ञा उतरवल्या तर मुख्य प्रोग्रामला जागा कमी पडे. मग नेमक्या कोणत्या घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या, याची ज्याची त्याची यादी असे. अशी चांगली जमलेली यादी मित्राला द्यावी, त्याने तीत भर घालून तिसऱ्याला द्यावी, असा हा व्यवहार सुरू झाला.

देवाणघेवाण आणि लागण

या देवाणघेवाणीला शिस्त लावली ती अमेरिकी प्रोग्रामर फ्रेड फिश यांनी. मोफत वाटता येणारे प्रोग्राम निवडून, क्रमांक घालून त्यांनी १९८६ पासून फ्लॉपींची मालिका काढली. १९९४ पर्यंत तिची संख्या हजारावर गेली. ‘फिश डिस्क’ टपालाने आणि क्लबांमधून हातोहात फिरत. १९९२ मध्ये ‘अमिनेट’ हा इंटरनेटवरील साठा सुरू झाला. तेथे प्रत्येक प्रोग्रामसोबत एक छोटी माहिती-फाइल देण्याची पद्धत पडली. हा प्रोग्राम काय करतो, कोणत्या यंत्रावर चालतो, सोबत काय लागते, हे त्यात लिहिलेले असे. १९९४ च्या एप्रिलमध्ये कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली. अमिनेट मात्र टिकले.

फ्लॉपी हातोहात फिरू लागल्या, तशी रोगाची लागणही फिरू लागली. १९८७ मध्ये ‘एससीए’ नावाचा विषाणू अमिगावर पसरला. फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या १०२४ बाइटच्या भागात तो जाऊन बसे. संगणक सुरू होताना हाच भाग आधी वाचला जातो. एकदा रॅममध्ये शिरला की पुढच्या फ्लॉपीवर तो आपली प्रत उतरवी. तसा तो गमतीखातर लिहिलेला होता. पण अनेक खेळ नेमका तोच भाग स्वतःच्या लोडरसाठी वापरत. विषाणू त्यावर बसला की खेळ कायमचा बंद पडे. उपाय अगदी साधा होता. फ्लॉपीच्या कोपऱ्यातील प्लास्टिकची छोटी पट्टी सरकवली की त्या फ्लॉपीवर काहीच लिहिले जात नसे. आजारावरील औषधापेक्षा प्रतिबंध स्वस्त, हे इथेही खरे ठरले.

लोडर नेमके काय करतो?

अमिगाची खरी ओळख म्हणजे त्याचे खेळ आणि ते जपणे हेच सर्वांत अवघड. वेग मिळवण्यासाठी आणि नक्कल टाळण्यासाठी अनेक खेळ संगणकाची नेहमीची व्यवस्था बाजूला सारून फ्लॉपी ड्राइव्हशी थेट बोलत. अशा फ्लॉपीवर फाइल नावाची गोष्टच नसे. त्यामुळे खेळ हार्ड डिस्कवर उतरवता येत नसे. वर आणखी एक त्रास होता. जुन्या अमिगातील ‘६८०००’ हा प्रोसेसर पत्त्याच्या ३२ पैकी २४ बिटच वापरी. उरलेल्या ८ बिटांत काही प्रोग्रामर आपली माहिती कोंबून ठेवत. पुढच्या पिढीतील ‘६८०३०’ प्रोसेसरने तेही बिट पत्ता म्हणून वाचले आणि प्रोग्राम भलत्याच जागी जाऊन कोसळू लागले. काही खेळ चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलत. नव्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये जुनी आज्ञा राहून गेली की तेही बिघडत.

यावर १९९६ मध्ये जर्मनीतील बर्ट यान यांनी ‘डब्ल्यूएचडीलोड’ हा लोडर आणला. त्याची कल्पना सोपी आहे. मूळ फ्लॉपीवरील माहिती आधी हार्ड डिस्कवर फाइलीच्या रूपात उतरवायची. खेळ सुरू करताना लोडर संगणकाची नेहमीची व्यवस्था थांबवून ठेवतो आणि खेळाला हवे तसे, रिकाम्या जुन्या यंत्रासारखे वातावरण देतो. खेळाने फ्लॉपीवरून काही मागितले, की ती मागणी वळवून हार्ड डिस्कवरून आणलेली माहिती पुढे केली जाते. ठरलेली कळ दाबली की खेळ बंद होतो आणि थांबलेली व्यवस्था जिथल्या तिथे परत येते.

प्रत्येक खेळाची खोड मात्र निराळी. म्हणून प्रत्येकासाठी एक वेगळा छोटा जोड-प्रोग्राम लिहावा लागतो. खेळाचा मूळ संकेत हाती नसतो. यंत्राच्या भाषेतील आज्ञा एकेक तपासत, फ्लॉपी कुठे वाचली जाते, पत्त्यात माहिती कुठे लपवली आहे, हे शोधावे लागते. हे काम कोणा एकाच्याने होण्यासारखे नाही. निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपापल्या आवडीचा खेळ घेऊन तो जोडला आणि सर्वांना दिला, म्हणून ते झाले.

इथे कायद्याचा प्रश्न येतोच. खेळ जुना झाला म्हणून त्यावरील स्वामित्वहक्क संपत नाही. म्हणून हा लोडर आणि त्याचे जोड-प्रोग्राम खेळाशिवाय वाटले जातात. मूळ फ्लॉपी वापरणाऱ्याकडे असावी अशी अपेक्षा असते. अमेरिकेत २००३ मध्ये कालबाह्य माध्यमांतील प्रोग्राम आणि खेळ यांना नक्कलप्रतिबंध ओलांडण्याच्या मनाईतून मर्यादित सूट मिळाली. ग्रंथालये आणि संग्रहालये यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे पाऊल होते.

घड्याळ फ्लॉपीवर चालते आहे

या सगळ्याला घाई आहे. फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या चकतीवर बसवलेला चुंबकीय कणांचा पातळ थर. दमट हवेत त्यावर बुरशी येते आणि कण धरून ठेवणारे द्रव्य कमजोर होते. अशी चकती ड्राइव्हमध्ये फिरवली की वाचणारे टोकच थर खरवडून काढते. शिवाय अमिगाची फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचताही येत नाही. दोन बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात ११ भाग, प्रत्येक भागात ५१२ बाइट, असे मिळून ८८० किलोबाइट होतात. त्याच फ्लॉपीवर पीसी ९ भाग बसवून ७२० किलोबाइटच लिहीत असे. अमिगा पूर्ण वर्तुळ एका दमात लिहीत असल्याने मधली मोकळी जागा वाचे, पण ती रचना पीसीला ओळखता येत नसे. म्हणून आज ‘क्रायोफ्लक्स’सारखी उपकरणे आकडे न वाचता चुंबकीय बदलांच्या वेळाच नोंदवून घेतात. अर्थ नंतर लावला जातो. वॉरहॉल यांच्या फ्लॉपीही याच मार्गाने वाचल्या गेल्या.

ज्ञान एकाच माणसाकडे राहिले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात दिसले. तेथील १९ शाळांची उष्णता आणि वातानुकूलन सांभाळणारा अमिगा १९८० च्या दशकापासून चालू असल्याची बातमी २०१५ मध्ये आली. प्रोग्राम एका शाळकरी मुलाने लिहिला होता. सुदैवाने तो मोठा होऊन त्याच भागात राहत होता, म्हणून काही बिघडले की त्यालाच बोलावले जाई. तो गाव सोडून गेला असता तर?

महाराष्ट्रात अमिगा फारसा कोणी पाहिला नाही, पण हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपात आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी डीटीपीवर जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या, प्रबंधांच्या असंख्य फाइली त्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी आतून भलतेच रोमन अक्षर असते. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम अशाच छोट्या, वाटून घेतलेल्या परिवर्तकांनी होते. कोणत्या फॉन्टमधील कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली की नंतर, याची यादी कोणीतरी बसून केलेली असते.

घरात जुन्या फ्लॉपी किंवा सीडी असतील, तर काही गोष्टी लगेच करता येतात. फ्लॉपीची पट्टी सरकवून तीवर लिहिणे बंद करावे. बुरशी दिसत असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, जाणकाराला दाखवावी. जे वाचता येते त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ फाइल कधीही पुसू नये, कारण आज न उघडणारी फाइल उद्या कोणाच्या तरी लोडरने उघडू शकते. जुना मजकूर ज्या फॉन्टमध्ये असेल, त्याचे नावही नोंदवून ठेवावे.

आणि प्रत्येक संग्रहासोबत साध्या अक्षरांतील एक छोटी फाइल ठेवावी. हे काय आहे, कोणी, कधी, कोणत्या प्रोग्रामवर केले आणि उघडायचे कसे, एवढे तीत असले तरी पुरे. अमिगाच्या लोकांनी ही सवय लावून घेतली. ज्या कंपनीने यंत्र बनवले ती बुडून तीन दशके उलटली, तरी त्यांचे प्रोग्राम चालू आहेत, त्याचे मोठे श्रेय अशा चिठ्ठ्यांना जाते.