नातवाच्या मोबाईलवर आजोबांचा हौद

तासगावच्या पंचक्रोशीत द्राक्षबागांच्या कडेला जे नवे बंगले उभे राहिले आहेत, त्यांपैकी एखाद्यापुढे आता निळ्या फरशीचा छोटासा पोहण्याचा हौद दिसतो. तो नुसता हौसेचा असतो, असे मात्र समजू नका. माझ्या ओळखीच्या एका घरी तो गुडघ्यांसाठी बांधला गेला. आजोबांचे वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षे बागेत उभे राहून दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात बारा वर्षांचा मधुमेह. शस्त्रक्रियेला त्यांची तयारी नव्हती. पाण्यात कमरेपर्यंत उभे राहिले की शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी उचलते, त्यामुळे जमिनीवर दहा पावले न टाकू शकणारा माणूस पाण्यात अर्धा तास चालू शकतो, हे मीच त्यांना सांगितले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने ते मनावर घेतले. हौद बांधला, कडेला स्टीलचा कठडा बसवला आणि पाण्यावर तरंगणारे एक स्मार्ट यंत्रही आणून सोडले. हौदातले पाणी कसे आहे, हे त्याला पुण्यात बसून मोबाईलवर दिसू लागले.

सहा महिने सारे उत्तम चालले. आजोबांची चाल सुधारली, रात्रीची वेदनाशामक गोळी बंद झाली. मग मे महिन्यात सुट्टीला सगळी भावंडे, लेकी, नातवंडे गोळा झाली आणि दोन दिवस त्या हौदात दहा-बारा पोरे डुंबत राहिली. पाहुणे परतले, त्याच्या दुसऱ्या सकाळी आजोबा नेहमीप्रमाणे पाण्यात उतरले. दोन दिवसांनी माझ्या दवाखान्यात आले ते कमरेभोवती आणि मांड्यांवर लाल, खाजरे पुटकुळे घेऊन. मोजे काढायला लावले, तर उजव्या पायाचा अंगठा सुजून टरारलेला. पायाला जुनी भेग होती, तिच्यातून जंतू शिरले होते. मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेली, त्यामुळे त्यांना ते कळलेच नव्हते.

“डॉक्टरसाहेब, नातवानं तर पुण्यातनं सांगितलं होतं की, पाणी एकदम चांगलं हाय म्हणून,” ते म्हणाले.

नातवाने सांगितले होते ते शुक्रवारी, आणि शुक्रवारी पाणी खरोखरच चांगले होते. रविवारी रात्री यंत्राने धोक्याचा इशाराही पाठवला होता. तो पुण्याच्या फोनवर, इतर पन्नास संदेशांखाली, सकाळपर्यंत न वाचता पडून राहिला. हौदात क्लोरीन टाकण्याचे काम ज्या गड्याकडे होते, त्याच्या फोनवर ते ॲपच नव्हते. यंत्राने आपले काम चोख केले होते, पण त्याने सांगितलेली गोष्ट जिथे हात होते तिथे पोहोचली नाही.

आमच्या भागातल्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या बागेत हवामान केंद्र असते, डाऊनीला पोषक हवा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो, आणि त्या संदेशाने रोग जात नाही हे तो पुरते जाणतो. रात्री अकराला उठून ब्लोअर जोडावा लागतो तेव्हा बाग वाचते. तोच माणूस हौदाच्या बाबतीत मात्र आकडा हिरवा दिसला की निर्धास्त होतो, याचे मला नवल वाटते.

ही यंत्रे नेमके काय मोजतात, ते आधी पाहू. बेल्जियमचे ब्ल्यू कनेक्ट किंवा फ्रान्सचे आयको यांसारखी तरंगती यंत्रे पाण्याचे तापमान, पीएच, विरघळलेले क्षार आणि ‘ओआरपी’ नावाचा एक विद्युतदाब मोजतात. अमेरिकेतल्या वॉटरगुरूची रीत निराळी. त्यात रसायन लावलेल्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या रंगावरून क्लोरीन व पीएच कळतो. ही नावे माहितीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हे.

पीएच हा शब्द द्राक्षवाल्यांना परका नाही. जीएची फवारणी करताना पाणी आम्लधर्मी करून घ्यावे लागते, नाहीतर औषधाचे पैसे वाया जातात. हौदातही नेमके तेच घडते, फक्त औषधाचे नाव क्लोरीन. हौदाचा पीएच ७.२ ते ७.८ या मर्यादेत हवा. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो, तो पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश असतो, ७.५ ला निम्मा उरतो आणि ८ वर गेल्यास जेमतेम चौथा हिस्सा. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी. त्यात टीसीएल पावडर टाकली की पीएच आणखी वर सरकतो. म्हणजे नुसती पावडर ओतत गेल्यास पावडर वाढते आणि तिची ताकद घटत जाते. ‘रोज टाकतोय की, डॉक्टर’ असे सांगणाऱ्याच्या हौदातही जंतू सापडतात, ते यामुळे.

ओआरपी म्हणजे पाण्याची जंतू जाळण्याची तयारी, असे समजावे. हा आकडा मिलिव्होल्टमध्ये येतो आणि ६५० च्या वर असावा असे साधारणपणे मानले जाते. तथापि हा क्लोरीनचा आकडा नव्हे, आणि घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. उन्हात क्लोरीन उडू नये म्हणून अनेक गोळ्यांत सायन्युरिक आम्ल मिसळलेले असते. ते पाण्यात साचत जाते आणि क्लोरीनला धरून ठेवते. मग क्लोरीन भरपूर असूनही ओआरपी खाली दिसतो. उलट, नुसती पावडर वापरली तर कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन उडून जाते. म्हणून यंत्र कितीही महागाचे असो, आठवड्यातून किमान दोनदा हाताने तपासणी करावीच. पाण्याचा नमुना गुलाबी करणारी डीपीडी चाचणीची पेटी बाजारात मिळते. गावच्या नळपाणी योजनेवर आरोग्य सेवक जी पिवळ्या रंगाची ओटी चाचणी करतात, ती पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहायला ठीक; हौदासाठी डीपीडीच घ्यावी, कारण मोकळे क्लोरीन वेगळे कळणे तिथे महत्त्वाचे. पिण्याच्या पाण्यात ते प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅम असले तरी चालते, पोहण्याच्या पाण्यात मात्र १ ते ३ मिलिग्रॅम हवे, आणि सायन्युरिक आम्लाच्या गोळ्या वापरत असाल तर किमान २.

हिशेब अवघड नाही. २० हजार लिटरच्या हौदात क्लोरीन १ मिलिग्रॅमने वाढवायला २० ग्रॅम क्लोरीन लागते. ताज्या टीसीएल पावडरीत ते सुमारे ३३ टक्के असते, म्हणजे पावडर साधारण ६० ग्रॅम. ओल धरलेल्या, वर्षभर पडून राहिलेल्या पोत्यातल्या पावडरीला हा हिशेब लागू नाही. तिच्यातला जीव केव्हाच गेलेला असतो.

आता एक गोष्ट थोडी ठासून सांगतो. पीएच उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरीनची पावडर कधीही एकत्र करू नयेत, एका मापाने घेऊ नयेत, शेजारी ठेवूही नयेत. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि दमेकरी माणसाला तर तो काही क्षणांत आडवा करू शकतो. निरनिराळ्या प्रकारच्या क्लोरीन गोळ्या आणि पावडर एकमेकींत मिसळल्यास आगही लागते. आम्ल नेहमी पाण्यात सोडावे, आम्लावर पाणी ओतू नये. घरातल्या वृद्धांकडे हे काम देऊ नये; ज्याच्याकडे द्याल, त्याला हातमोजे आणि चष्मा आधी द्या.

हौदाला ‘क्लोरीनचा वास’ येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, हा समजही सोडून द्यावा. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. वास येणारे पाणी बहुधा क्लोरीनला भुकेले असते. पोरांना हौदात सोडण्याआधी साबणाने अंघोळ घाला, हा उपाय स्वस्त आणि यंत्राहून जुना आहे.

जंतूंपैकी बरेचसे योग्य क्लोरीनमध्ये मिनिटभरात मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी मात्र १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून अधिक तग धरतो, आणि कोणतेही घरगुती यंत्र त्याची चाहूल देत नाही. म्हणून जुलाब झालेल्या माणसाने, मग तो लाडका नातू का असेना, हौदात उतरू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे.

माझ्या वयस्क वाचकांना त्या यंत्रातला सर्वांत उपयोगी आकडा कोणता, असे विचाराल तर मी तापमान म्हणेन. तो सहसा चुकत नाही आणि त्याचा अर्थ लावायला कोणी लागत नाही. सांध्यांच्या व्यायामासाठी पाणी २८ ते ३१ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे डिसेंबरात उघड्यावरचे पाणी याच्या बरेच खाली जाते. एवढ्या गार पाण्यात एकदम उतरल्यास रक्तदाब झटक्यात चढतो, श्वास अडखळतो. हृदयविकाराच्या रुग्णाने ही जोखीम घेऊ नये. पाण्यातून बाहेर येतानाही सावध असावे. पाण्याचा शरीरावरचा दाब निघून गेला की रक्तदाब उतरतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येते. कठडा धरून एक मिनिट पायरीवर बसावे, मग उठावे.

पायाला भेग, जखम किंवा फोड असल्यास, लघवीची नळी असल्यास, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत पाणी वर्ज्य. मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज सकाळी दुसऱ्या कोणीतरी, उजेडात, निरखून पाहावेत. हौदात रबरी पादत्राणे घालावीत. आणि एकट्याने उतरू नये. बुडणाऱ्या माणसाची खबर हे यंत्र देत नाही.

याच संदर्भात शेततळ्यांविषयी बोलले पाहिजे. हौद नसला तर काय झाले, मळ्यात शेततळे आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारी माणसेही त्यातून वर येऊ शकलेली नाहीत. शिवाय साचलेल्या, उन्हाने तापलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो आणि रोग झालेल्यांपैकी बहुतेक सारे दगावतात. आजार फार दुर्मीळ खरा. पण २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात मेंदूच्या अशा अमीबाजन्य आजाराचे रुग्ण आढळले आणि तिथे विहिरी व टाक्यांच्या क्लोरीनीकरणाची मोहीम हाती घ्यावी लागली. हौद भरायला शेततळ्याचे पाणी घेतले असेल, तर गाळून, पूर्ण क्लोरीन देऊन, पंपाने रात्रभर फिरवल्याखेरीज त्यात कोणी उतरू नये.

यंत्र घेतलेच असेल, तर त्याची निगा बागेतल्या उपकरणासारखीच. पीएचचा काचेचा संवेदक कोरडा पडला की निकामी होतो. ठरावीक काळाने ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात बुडवून त्याची खातरजमा करावी लागते, आणि साधारण दोन वर्षांत तो बदलावा लागतो. लाईट गेली की घरातले वायफाय बंद पडते. काही ॲप अशा वेळी शेवटचा जुना आकडाच दाखवत राहतात, म्हणून आकड्याशेजारची वेळ आधी वाचावी, आकडा नंतर.

आजोबांचे पुटकुळे आठवड्याभरात आपोआप गेले. अंगठ्याने मात्र तीन आठवडे घेतले. मिरजेला शल्यविशारदांना दाखवावे लागले, पू काढावा लागला, इन्सुलिन सुरू करावे लागले. बोट वाचले. आता त्या यंत्राचा इशारा तीन फोनवर वाजतो: नातवाच्या, सूनबाईंच्या आणि हौद सांभाळणाऱ्या गड्याच्या. गड्याने स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगली आहे. तीत तारीख, वेळ, डीपीडीचा रंग आणि टाकलेल्या पावडरीचे ग्रॅम लिहिलेले असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी आजोबा मोबाईल पाहत नाहीत, चष्मा लावून ती वही पाहतात. डिसेंबरात पाणी २१ अंशांवर गेले तेव्हा त्यांनी स्वतःच हौदावर ताडपत्री ओढली आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत खुर्चीवर बसून गुडघ्यांचे व्यायाम केले. मागच्या आठवड्यात ते तपासणीला आले होते. मोजे काढायला मला सांगावे लागले नाही.