चेहरा बोलतो तो कसा?

आषाढीच्या दिवसांत कुर्डुवाडी स्टेशनावर उभे राहून पाहा. पंढरपूरची गाडी लागली की काय ती झुंबड! टाळ, भजन, इंजिनाचा भोंगा. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरी पलीकडच्या फलाटावरचा सोयरा भुवया उडवतो, आपण मान हलवतो. झाला रामराम!

ही सोय माणसाला एका दिवसात मिळाली नाही. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा गाव आहे. तिथे १९८२ साली अरुण सोनकिया या भूशास्त्रज्ञांना एका प्राचीन माणसाची अर्धी कवटी सापडली. ती दोन लाख वर्षांहून जुनी असावी, असा अनेक जाणकारांचा अंदाज आहे. तिच्या डोळ्यांवर हाडाचा जाड उंचवटा आहे, जणू घराची वळचण. आता आपल्या कपाळावरून हात फिरवा. आहे तसली वळचण? कपाळ सपाट झाले म्हणून भुवया मोकळ्या हलू लागल्या, असे इंग्लंडच्या काही शास्त्रज्ञांनी २०१८ साली मांडले. राग, नवल, ओळख, सारे भुवयांवर दिसू लागले.

जबडाही लहान झाला. माणूस विस्तवावर शिजवून खाऊ लागला, त्याचा यात मोठा वाटा धरतात. आपली कडक भाकरीसुद्धा कच्च्या कंदापुढे मऊच की!

आता डोळे. बैलाच्या डोळ्यात पांढरे फारसे दिसत नाही. त्याची मान वळली की मगच नजर कळते. आपल्या बुबुळाभोवती पांढरे ठळक असते, म्हणून नजर कुठे वळली ते लांबूनही समजते. शिकारीला टोळीने जाताना याचा उपयोग झाला असेल. पण काही चिंपांझींच्या डोळ्यांतही पांढरे दिसते, म्हणून शास्त्रज्ञांत वाद आहे. आम्ही मात्र वर्गात नुसती नजर फिरवून मागच्या बाकावरची कुजबुज थांबवीत असू. छडीपेक्षा ते बरे!

चेहऱ्यावरून मनातला राग कळेल. माणसाची योग्यता कळेल काय? नाकाचा घाट बऱ्याच अंशी हवामानावर जातो. थंड, कोरड्या मुलखात नाके अरुंद असतात. पण १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी रिस्लेसाहेब नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता लावू पाहत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांचीच मापे पुढे ठेवली आणि दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत.