खाऱ्या पाण्याची नवी टाकी मासे सोडण्यास तयार झाली, हे कसे ओळखावे?

किनारपट्टीवरील कित्येक कुटुंबे व बचतगट अलीकडे समुद्रातील शोभिवंत माशांच्या संगोपनाकडे वळू लागले आहेत. १९५१ साली मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा असे मासे ही केवळ पाहण्याची वस्तू होती. पुढे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन माशाच्या प्रजननाचे तंत्र बसविले आणि त्यामुळे हा एक जोडधंदा होऊ शकला. परंतु या धंद्यात पहिल्या महिन्यातच हात पोळून घेणारे पुष्कळ आढळतात. टाकी नवी, पाणी काचेसारखे स्वच्छ, मासे निरोगी. आणि तरीही आठ-दहा दिवसांत एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो व मरतो. प्रजननाची जोडी अशा रीतीने गेली की भांडवलाबरोबर कित्येक महिन्यांचा काळही बुडतो. याचे कारण बहुधा रोग नसते. टाकी अद्याप मुरलेली नसते, एवढेच.

लोणचे जसे मुरावे लागते, तशी टाकीही मुरावी लागते. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले म्हणजेही अमोनियाच निर्माण होतो. समुद्रात तो पसरून जातो, बंद टाकीत तो साठतो. त्याचा निकाल लावण्याचे काम दोन जातींचे जीवाणू करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट बनवितात आणि दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. आपल्या शेतकऱ्यांस ही गोष्ट परकी वाटू नये. शेतात अमोनियम सल्फेट टाकल्यावर जमिनीत हेच घडते, आणि म्हणूनच पिकास नायट्रेट मिळते. जमिनीतील हे जीवाणू विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. फरक इतकाच की जमिनीत ते आधीपासून असतात, नव्या टाकीत मात्र ते जवळजवळ नसतात आणि त्यांची वाढ अतिशय मंद असते. सामान्य कुजविणारे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांस त्याच कामी बहुधा एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

खाऱ्या पाण्यात अमोनियाचा धोका गोड्या पाण्याहून मोठा आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. सामू ७ असता एकूण अमोनियापैकी विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, ८.२ ला आणि आपल्याकडील उष्ण हवेत तो शेकडा सात-आठपर्यंत चढतो. नायट्राइटची गोष्ट याच्या उलट आहे. पाण्यातील क्लोराइड त्यास माशाच्या शरीरात सहज शिरू देत नाही, म्हणून समुद्री माशांस त्याची बाधा गोड्या पाण्यातील माशांइतकी होत नाही. तथापि दुसऱ्या जातीचे जीवाणू कामास लागले की नाही, हे सांगणारी खूण तीच असल्याने तिची तपासणी सोडता येत नाही.

टाकी मुरविण्यासाठी एखादा काटक मासा सोडून त्याच्या विष्ठेवर काम भागविण्याची जुनी रीत आहे. ती निर्दय आहे आणि हिशेबानेही तोट्याची आहे. त्यापेक्षा नवसागर वापरावा. कल्हईवाले वापरतात तोच हा पदार्थ, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारी नवसागरात भेसळ असू शकते, यास्तव प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध घ्यावा. एक हजार लिटर पाण्यास सुमारे ६ ग्रॅम नवसागर घातला असता दर लिटरास २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. हे प्रमाण चारपाचच्या वर नेऊ नये; फार अमोनियाने दुसऱ्या जातीच्या जीवाणूंची वाढ खुंटते.

जीवाणू पाण्यात थोडे आणि पृष्ठभागांवर फार राहतात. म्हणून गाळणीत सच्छिद्र मातीच्या कड्या किंवा स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे तुकडे भरावेत. परदेशी पुस्तकांत यासाठी पोवळ्यांच्या खडकावरील जिवंत दगड सुचविलेले असतात, परंतु आपल्याकडे २००१ सालापासून पोवळ्यांस वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही खडकावरून असे दगड आणू नयेत. नळाचे पाणी वापरून त्यात मीठमिश्रण घालणार असाल, तर आधी क्लोरीन काढून टाकावे, अन्यथा जीवाणूच मरतील. खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडे होते, हे तर कोकणात कोणास सांगावयास नको. क्षारता दर लिटरास ३५ ग्रॅमच्या आसपास व उष्णता २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावी आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू असावा. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी पंपास बॅटरीची जोड असलीच पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. तपासणी संचाने दर दोन दिवसांनी पाणी पाहिले असता प्रथम अमोनिया उतरू लागतो, मग नायट्राइट चढतो, बरेच दिवस चढलेलाच राहतो, आणि शेवटी एकाएकी खाली येतो. या मधल्या काळात पुष्कळांचा धीर सुटतो. साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात. परंतु दिनदर्शिका पाहून मासे सोडणे म्हणजे पंचांग पाहून कणसे कापण्यासारखे आहे. काचेवर तपकिरी शेवाळ धरले, पाणी निवळले, दुकानदाराने हमी दिली, यांपैकी एकही खूण खरी नव्हे.

खरी परीक्षा अशी. दर लिटरास २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पुन्हा नवसागर घालावा व बरोबर चोवीस तासांनी तपासावे. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आला, तर टाकी मुरली. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन्ही शून्य असूनही नायट्रेट मुळीच आढळत नसेल, तर मात्र सावध व्हावे. दोन मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे सात मिलिग्रॅम नायट्रेट व्हावयास हवे. ते नसेल तर बहुधा अमोनिया घालण्यातच चूक झालेली असते आणि टाकीचे काम सुरूच झालेले नसते. ज्या टाकीत काही घातलेच नाही, तिच्यातही सर्व आकडे शून्यच येतात! आणखी एक गोष्ट. पाण्यात नायट्राइट असेतोवर नायट्रेटच्या संचाचा आकडा खोटा फुगतो, कारण तो संच नायट्रेटचे नायट्राइट करूनच रंग दाखवितो. म्हणून नायट्रेटचे मोजमाप शेवटी करावे.

अमोनिया कित्येक दिवस एकाच जागी अडून राहिला, तर सामू पाहावा. या क्रियेत पाण्याची अल्कता खर्च होते व सामू उतरला की जीवाणू मंदावतात. शिंपल्यांचे तुकडे काही अंशी ही उणीव भरून काढतात. न भागल्यास खाण्याचा सोडा अगदी थोडा, विरघळवून घालावा.

परीक्षा उतरल्यावर निम्मे पाणी बदलावे. जीवाणू कड्यांवर असल्याने त्यामुळे त्यांचे नुकसान होत नाही. मासे त्याच दिवशी येणार नसतील तर एक दिवसाआड थोडा नवसागर चालू ठेवावा, नाहीतर उपाशी जीवाणू घटतात. आरंभी दोनच मासे सोडावेत व आठवडाभर रोज अमोनिया तपासावा. तो शून्य राहिला तरच पुढची जोडी आणावी. नव्या माशांवर ताम्रयुक्त औषध द्यावयाचे असेल तर ते निराळ्या टाकीत द्यावे, मुरलेल्या टाकीत कधीही नाही.