मोटारीचा श्वास

मोटार केवळ पेट्रोलवर चालते, असें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु एक भार पेट्रोल पुरतें जाळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. हवा तापली म्हणजे विरळ होते. २० अंश सेंटिग्रेडला एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२० किलोग्रॅम, तर ६० अंशांस १.०६ च भरतें. म्हणून कित्येक हौशी लोक मूळची हवापेटी काढून बॉनेटखालील उष्णतेपासून दूर, बंपरामागें, नवी नळी व फिल्टर बसवितात.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग हवा मोजणारा सेन्सर जपून काढून नव्या नळींत, त्यावरील बाणाची दिशा पाहून, बसवावा. क्लॅंप घट्ट आवळावे. सेन्सर व इंजिन यांमधील फटींतून शिरलेली हवा मोजली जात नाहीं.

पालकांनीं मात्र खर्चापूर्वीं मूळची नळी पाहावी. पुष्कळ नव्या गाड्यांत ती पुढच्या जाळीमागूनच थंड हवा घेते. मग लाभ, आमच्या मतें, बहुधा आवाजाचाच! शिवाय खालीं बसविलेला फिल्टर मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यांत बुडाला, तर इंजिन पाणी ओढतें. हवेप्रमाणें पाणी दाबलें जात नाहीं. पिस्टनचा दांडा वाकतो. अशी बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करूं नये, ओढूनच न्यावी.