घरींच, पाण्यांत बाळंतपण?

जुन्नरास आमच्या एका आप्तांची सून माहेरीं न जातां घरींच, कोमट पाण्याच्या टाकींत बाळंत होणार म्हणते. (टाकी पुण्याहून यावयाची आहे!) डॉक्टरीणबाईंनीं स्पष्ट नको म्हटलें. परंतु शिवछत्रपति १६३० सालीं शिवनेरीवर जन्मले तेव्हां रुग्णालय कोठें होतें, हा तिचा प्रश्न. प्रश्न बिनतोड खरा. पण जीं बालकें वांचलीं नाहींत त्यांचे पोवाडे कोण गातो? आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हां प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. सुश्रुतानेंहि सूतिकागार वर्णिलें, तसा अडलेल्या गर्भासाठीं चिकित्सास्थानांत निराळा अध्याय घातला. तो आम्हीं तिच्या सासऱ्यांस काढून दाखविला.

कोमट पाण्यांत बसल्यानें कळा सुसह्य होतात, हें डॉक्टरहि मानतात. भय पुढचें आहे. मूल पाण्यांतच बाहेर आलें तर नाळ तुटण्याचें, नाकातोंडांत पाणी जाण्याचें. आणि रक्त किती गेलें याचा पाण्यांत अदमास लागत नाहीं. आंबेगांवांत भीमाशंकराकडील वाड्यांतून बाया घरीं बाळंत होत आल्या त्या हौसेनें नव्हे.

सून अद्याप पुरती वळलेली नाहीं. सासूबाईंनीं मात्र रुग्णालयांत न्यावयाची पिशवी भरून दाराशीं ठेविली आहे.