खुब्याचा कृत्रिम सांधा व हाडाची राखण

उखळीच्या सांध्याचें चित्र विद्यार्थ्यांनीं शरीरशास्त्राच्या पुस्तकांत पाहिलेंच असेल. कमरेच्या हाडांतील वाटी व तींत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा, असा आपला खुबा होय. वार्धक्यानें अथवा रोगानें त्यावरील गुळगुळीत कूर्चा झिजली म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें, व घरांतील वडील माणसास उंबरा ओलांडणेंहि जड जातें.

इंग्लंडांत लँकशर परगण्यांतील रायटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्न्ली या शस्त्रवैद्यानें ह्या दुखण्यावर कृत्रिम सांधा योजिला. त्याच्या पहिल्या टेफ्लॉनच्या वाट्या थोड्याच वर्षांत झिजल्या. तेव्हां त्या द्रव्याचे कण त्यानें आपल्याच मांडींत घालून त्यांचा परिणाम पाहिला! पुढें १९६२ सालीं त्यानें पॉलिएथिलीनची वाटी व पोलादाचा सुमारें २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा वापरला, आणि तो सांधा टिकला.

परंतु ह्या गोळ्यास आधार म्हणून लांब दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळींत बसवावा लागतो, व मूळचा गोळा मानेच्या कांहीं भागासह कापून टाकावा लागतो. आमच्या विषयाचें मर्म येथेंच आहे. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. ज्या भागावर भार पडतो तो बळकट होतो व ज्यावर पडत नाहीं तो क्षीण होतो, हा नियम युलिउस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. पोलाद हाडाहून सुमारें दसपट ताठ असतें; म्हणून बराचसा भार दांडाच वाहतो, आणि वरच्या बाजूचें हाड, प्लॅस्टरांत महिनाभर राहिलेल्या हाताप्रमाणें, निरुद्योगानें विरळ होतें. त्यांत वाटीच्या झिजेचे सूक्ष्म कण भर घालतात. दांडा सैल झाला कीं दुसरी शस्त्रक्रिया आली. पण नवा दांडा धरून ठेवण्यास हाड कोठें उरलें आहे? ऐंशीच्या घरांतील रोग्यास हा प्रश्न क्वचितच पडतो, चाळिशींतल्या कर्त्या माणसास मात्र तो पुढेंमागें गांठण्याचा संभव फार.

म्हणून रचनाकारांनीं हाड राखण्याच्या युक्त्या काढल्या. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा, म्हणून त्याचे दांडे आले. मानेचा अधिक भाग राखणारे आंखूड दांडे निघाले. सर्वांत धाडसी युक्ति अशी कीं, गोळा कापावयाचाच नाहीं. तो तासून त्यावर धातूची टोपी चढवावयाची. बर्मिंगहॅम येथें डेरेक मॅक्मिन यांनीं अशी रचना १९९७ सालीं वापरांत आणिली. हाड वांचलें खरें. पण टोपी व वाटी दोन्ही धातूचीं असल्यामुळें धातूचे कण सुटून कित्येकांच्या सांध्याभोंवतालचें मांस बिघडलें, आणि ह्याच जातीचा दुसऱ्या एका कारखान्याचा सांधा २०१० सालीं बाजारांतून परत घ्यावा लागला. लहान गोळ्याच्या रोग्यांस, म्हणजे बहुधा स्त्रियांस, ही टोपी विशेष जाचली. केवळ हाड राखलें एवढ्यावरून रचना उत्तम ठरविणें आमच्या मतें घाईचें आहे. ठिसूळ हाडाच्या वृद्ध रोग्यास पुष्कळ शस्त्रवैद्य आजहि सिमेंटानें पक्का केलेला जुना लांब दांडाच पसंत करितात.