खाऱ्या मातीतली गोड बोरं

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या सुगडात आणि बोरन्हाणाला बोरं हवीतच. एरवी मात्र बोरीकडे आपलं लक्ष जात नाही. राहुरीकडे मुळा-प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला. पण जिथे पाणी अती झालं आणि निचरा राहिला नाही, तिथे जमिनीवर पांढरे क्षार फुलले. अशा खारवट जमिनीत पुष्कळ फळझाडं माना टाकतात. बोर बऱ्यापैकी तग धरते. तिची मुळं खोल जातात, आणि ऐन उन्हाळ्यात पानं गाळून ती पाणी वाचवते.

तुमच्या बोअरचं पाणी मचूळ असेल, मोगरा जगत नसेल, तर परसात एक बोर लावाच. रानबोरीवर डोळा भरलेलं उमराणचं कलम घ्या: मूळ काटक, फळ गोड! पहिलं वर्षभर मात्र गोडं पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये छाटणी करा, कारण बोरं नव्या फुटीवर धरतात. किडकी बोरं झाडाखाली राहू देऊ नका, खोल पुरून टाका.

उरलेली बोरं कडकडीत वाळवून कुटा, बिया काढून चाळा, चवीला मीठ-गूळ घाला. झालं बोरकूट! मुलांना गोळ्या-चॉकलेटांपेक्षा हे बरं, नाही का?